दर्यावरचे आजोबा

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात शहादा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



"घरातील वडीलधारी माणसे" या विषयावर चार शब्द बोलावेत असे संस्थेच्या चिटणिसांनी मला सांगितले. हा विषय मोठा सोयीचा आहे. वक्ता मुलांना उपदेश करतो, म्हातारी माणसे माना डोलावतात, मुले पारितोषिकांकडे डोळे लावून बसतात आणि सभा संपते. मी आज तसे करणार नाही. मी एका आजोबांची हकीकत सांगणार आहे. हे आजोबा आपल्या गावचे नव्हते, आपल्या जातीपातीचेही नव्हते. ते भारताच्या नौदलाचे प्रमुख होते आणि निवृत्तीनंतरची पुष्कळ वर्षे त्यांनी आपल्याच महाराष्ट्रात, अलिबाग तालुक्यातील एका खेड्यात शेती करीत काढली. त्यांचे नाव अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. १५ मार्च २०२४ रोजी, नव्वद वर्षांचे होऊन, ते सिकंदराबादला वारले.

शहाद्यात बसून आरमाराची गोष्ट कशाला, असे कोणाच्या मनात येईल. आपल्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी. इथल्या पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही, आणि ज्यांनी पाहिला त्यांनी तो सहलीत, चौपाटीवर भेळ खाताना. परंतु आपली गोमाई प्रकाशाला तापीस मिळते, तापी उकाईच्या धरणातून सुरतेला जाते आणि तिथून अरबी समुद्राला. गावचे पाणी समुद्राला पोचते, मग गावचा मुलगा का पोचू नये? माणसे तर पूर्वीही पोचत होती. मोगलांच्या काळी सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत, कारण हजची गलबते तिथून सुटत. पुढे मुंबईहून आगबोटी जाऊ लागल्या. ‘अकबरी’ नावाची आगबोट तर १९९५ पर्यंत मुंबईहून जिद्दाला जात होती. आज या मंडपात बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी त्या बोटीने गेले असतील, तर त्यांचे पाण्यावरचे दिवस कसे गेले हे नातवंडांनी एकदा विचारून घ्यावे. बोटी बंद झाल्या. सांगणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत.

आणि आरमार ही मराठी मुलखाची जुनी विद्या आहे. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या सरदारांत दौलतखान होता. १६७९ मध्ये खांदेरीच्या बेटासाठी इंग्रजांशी झुंज झाली तेव्हा दौलतखान आणि मायनाक भंडारी हे दोघे खांद्याला खांदा लावून लढले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात नाविकांनी इंग्रज सरकारविरुद्ध संप पुकारला. तेव्हा त्यांच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष होते मदनसिंग. दोघेही साधे नाविक, वयाने तरुण. काँग्रेसचा, लीगचा आणि कम्युनिस्टांचा असे तिन्ही झेंडे त्या दिवसांत जहाजांवर एकत्र फडकले. दीड वर्षाने देश फाळणीत दुभंगला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे जे सांगायचे आहे त्याचे मूळ या दुभंगण्यातच आहे.

रामदास यांचा जन्म ५ सप्टेंबर १९३३ रोजी मुंबईत माटुंग्याला झाला. शाळा दिल्लीत झाली. १९४९ मध्ये, म्हणजे आज समोर बसलेल्या दहावीच्या मुलांएवढ्याच वयात, ते सैनिकी शिक्षणासाठी डेहराडूनजवळ क्लेमेंट टाऊनला गेले. खडकवासल्याची प्रबोधिनी तेव्हा उभी राहिलेली नव्हती. तिन्ही दलांच्या मुलांना एकत्र शिकवणारी शाळा क्लेमेंट टाऊनलाच भरत असे. तीच पुढे खडकवासल्याला आली. १ सप्टेंबर १९५३ रोजी ते नौदलात अधिकारी झाले. दळणवळण हा त्यांचा विशेष विषय. भर समुद्रात एका जहाजाचा निरोप दुसऱ्या जहाजाला चूक न होता, वेळेवर पोचवणे हे त्या कामाचे स्वरूप. ऐकायला सोपे वाटते. पण निरोप चुकला तर तोफा आपल्याच माणसांवर चालतात. पुढे कोचीनला नौदलाची अकादमी उभी करण्याचे आणि ती चालवण्याचे कामही त्यांच्याकडे आले, म्हणजे काही काळ ते आमच्यासारखे मास्तरही होते.

आता १९७१ सालाकडे येऊ. आजच्या मुलांना ते साल फक्त इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत भेटते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

फाळणीनंतर पाकिस्तानचे दोन तुकडे हिंदुस्थानच्या दोन बाजूंना होते. पूर्वेकडचे लोक बंगाली बोलणारे, आणि बहुसंख्य मुसलमान. राज्यकर्ते पश्चिमेकडचे, तेही मुसलमान. धर्म एक असूनही संसार जमला नाही. आमच्या भाषेला मान द्या, म्हणून ढाक्याच्या विद्यार्थ्यांनी २१ फेब्रुवारी १९५२ रोजी गोळ्या खाल्ल्या. आपल्याकडे मुलाला उर्दू माध्यमात घालावे की मराठी, यावर प्रत्येक पालकसभेत वाद होतो. तो वाद घालताना ढाक्याच्या त्या मुलांची आठवण ठेवावी, एवढेच म्हणतो. १९७० च्या निवडणुकीत पूर्वेकडच्या पक्षाला बहुमत मिळाले, पण सत्ता मिळाली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभली. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले.

त्या वर्षी आपल्या नौदलाने जी कामे केली त्यांतील एक काम कित्येक वर्षे गुप्त राहिले होते. पूर्व बंगालमधून पळून आलेल्या तरुण मुलांना, ज्यांत विद्यार्थी पुष्कळ होते, पलाशीजवळ भागीरथीच्या काठी एका छावणीत पोहण्याचे आणि जहाजांना पाण्याखालून सुरुंग चिकटवण्याचे शिक्षण दिले गेले. या कामाची धुरा होती मोहन नारायण राव सामंत या मराठी अधिकाऱ्याकडे. ऑगस्टच्या मध्यावर एका रात्री ही मुले छातीला सुरुंग बांधून चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत उतरली. निघण्याची खूण काय, तर कलकत्ता आकाशवाणीवरून वाजवलेले ठरावीक गाणे! सामंतांना महावीरचक्र मिळाले. ही सर्व हकीकत त्यांनी अगदी म्हातारपणी एका पत्रकाराबरोबर पुस्तकात लिहिली, आणि पुस्तक बाहेर पडले त्याच वर्षी, २०१९ च्या मार्चमध्ये, ते वारले. कित्येक वर्षे ती गोष्ट बाहेर आली नव्हती. आपापल्या घरांत काय काय असेच राहिले असेल, कोण जाणे.

डिसेंबरात उघड युद्ध सुरू झाले. बंगालच्या उपसागरात विक्रांत हे विमानवाहू जहाज आणि त्याच्या सोबतीला लहान युद्धनौका होत्या. त्यांतील ‘बियास’ या नौकेचे कप्तान रामदास होते. ४ डिसेंबरपासून विक्रांतवरच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. समुद्राची वाट अडवून धरायची, मदत आत येऊ द्यायची नाही आणि फौज बाहेर निसटू द्यायची नाही, हे या नौकांचे काम. ते फत्ते झाले म्हणूनच पूर्वेकडची पाकिस्तानी फौज कोंडली गेली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरण आली. या कामगिरीबद्दल रामदास यांना वीरचक्र मिळाले.

विजयाच्या गोष्टी सांगताना आपण एक भाग गाळतो. ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी बुडाली. आत नव्वदहून अधिक माणसे होती, त्यांतला एकही वाचला नाही. ९ डिसेंबरच्या रात्री आपल्या दीवजवळ ‘खुकरी’ ही नौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचा जीव वाचवण्याचा यत्न केला नाही, ते जहाजाबरोबर गेले. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. दीवला त्यांचे स्मारक आहे. तिकडे सहल गेली तर जरूर पाहावे. जमिनीवरच्या लढाईत शव तरी हाती लागते. समुद्रात तेही नाही. दोन्ही किनाऱ्यांवरच्या किती बायका, किती आया कित्येक वर्षे दाराकडे बघत बसल्या असतील! ज्याने ते पाणी जवळून पाहिले त्याच्या मनात काय उरते, याचा विचार करावा.

रामदास चढत चढत १९९० च्या नोव्हेंबरअखेर नौदलप्रमुख झाले. त्यांचे सासरे व्हाइस अ‍ॅडमिरल रामदास कटारी हे १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले होते. एका घरात सासरा आणि जावई दोघेही त्या एकाच खुर्चीवर बसले, ही दुर्मिळ गोष्ट. त्यांच्या कारकिर्दीतील एका निर्णयाचा उल्लेख इथे बसलेल्या मुलींसाठी मुद्दाम करतो. डॉक्टर म्हणून स्त्रिया नौदलात पूर्वीपासून होत्या. पण इतर खात्यांत अधिकारी म्हणून त्यांना घेण्यास १९९२ मध्ये, रामदास प्रमुख असताना, सुरुवात झाली. तीन मुलींचे ते बाप होते. त्याचाही थोडा उपयोग झाला असेल असे मला उगाच वाटते. २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीतही मुलींना प्रवेश मिळू लागला, आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ मुलींची पहिली तुकडी तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. प्रबोधिनीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. नौदलात जायचे तर बारावीला पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित हवे. या परीक्षेची तयारी करून घेणारी सरकारी संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये निघाली. दहावीच्या वर्षातच त्यांची चौकशी करावी लागते. पालकांनी हे टिपून घ्यावे. आपल्या मुलांची संधी नुसती माहिती नसल्याने जाते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

सप्टेंबर १९९३ च्या अखेरीस रामदास निवृत्त झाले. क्लेमेंट टाऊनला पाऊल ठेवल्यापासून धरले तर चव्वेचाळीस वर्षे नोकरी. इथे एखाद्याचे चरित्र संपते. बाकी उरतात त्या सत्काराच्या शाली आणि दवाखान्याचे कागद. आपल्या गावातही निवृत्त माणूस सकाळी ओट्यावर बसतो, वर्तमानपत्र उलटसुलट वाचतो, येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या साहेबीच्या गोष्टी सांगतो, आणि घरचे लोक म्हणतात, बसू द्या, दमले आहेत. दमलेलेही असतात, त्यात खोटे नाही.

रामदास आणि त्यांच्या पत्नी ललिताबाई अलिबाग तालुक्यातील भायमळा या गावी जाऊन राहिले. अलिबाग म्हणजे कान्होजी आंग्र्यांचा मुलूख. खांदेरीचे बेट तिथून जवळच. दिल्लीत किंवा पुण्यात साहेबांच्या वसाहतीत त्यांना सुखाने राहता आले असते. त्यांनी शेती केली, आणि तीही रासायनिक खते टाळून. शेजारी कोण, तर आगरी, कोळी, आदिवासी शेतकरी. शेजार केला की शेजाऱ्याचे दुखणे आपले होते. २००५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला, आणि पेण, उरण, पनवेल या तालुक्यांतील हजारो एकर जमीन एका मोठ्या कंपनीच्या क्षेत्रासाठी घेण्याचे घाटत होते. प्राध्यापक एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते शेतकऱ्यांच्या पाठीशी होते. नौदलाचा निवृत्त प्रमुखही आपल्या पत्नीसह त्यांच्या बाजूने उभा राहिला. शेवटी सरकारला हेटवणे धरणाच्या पाण्याखालच्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. जमीन देता की नाही, असे सरकारने शेतकऱ्याला मतपत्रिकेवर विचारावे, ही गोष्ट आपल्या देशात क्वचितच घडलेली आहे. पुढे तो प्रकल्प झाला नाही. शहाद्याच्या माणसांना जमिनीचा हा प्रश्न समजावून सांगण्याची जरुरी नाही. १९७० च्या दशकात याच तालुक्यात गमावलेल्या जमिनींसाठी आदिवासी उठले होते. अंबरसिंग सुरतवंती यांचे नाव जुन्या लोकांना माहीत आहे.

आता ज्या कामासाठी मला त्यांची हकीकत या सभेत सांगावीशी वाटली, तिकडे वळतो.

१९९४ मध्ये भारत आणि पाकिस्तानातील काही लोकांनी एकत्र येऊन शांतता व लोकशाहीसाठी दोन्ही देशांतील सामान्य जनतेचा एक मंच काढला. सरकारे बोलत नसली तरी माणसांनी बोलावे, एकमेकांच्या गावी जावे, एवढी साधी कल्पना. रामदास या मंचाच्या भारताकडच्या बाजूचे एक प्रमुख झाले. पलीकडे लाहोरचे इब्न अब्दुर रहमान होते. हे गृहस्थ पत्रकार. त्यांचा जन्म १९३० मध्ये आजच्या हरियाणात झाला, आणि फाळणीत ते तिकडे गेले. पुढे पाकिस्तानच्या मानवी हक्क आयोगाचे काम त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले. ज्याचे गाव इकडे राहिले तो लाहोरात, आणि ज्याने पाकिस्तानच्या फौजेची समुद्रात कोंडी केली तो अलिबागेत. हे दोन म्हातारे एकमेकांचे हात धरून दोन्ही देशांना समजावीत होते. २००४ मध्ये या दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार दिला गेला. रहमान २०२१ मध्ये गेले.

शांततेचे नाव काढले की आपल्याकडे लगेच शंका घेतात. त्यातून मुसलमानाने काढले तर विचारायलाच नको. तोंडावर कोणी बोलत नाही, पण नजर सांगते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कराचीला एखादा मामा, एखादी फुफी आहे, त्यांना हे चांगले ठाऊक आहे. पत्र आले तरी ते उशीखाली ठेवायचे. लग्नाला जायचे तर कागदपत्रांच्या आधी धाडस गोळा करायचे. रामदास यांना मात्र भित्रा किंवा देशद्रोही म्हणणे सोपे नव्हते. त्यांच्या छातीवर त्याच शत्रूविरुद्ध मिळवलेले वीरचक्र होते. युद्धात कमावलेली ही पत त्यांनी म्हातारपणी ज्यांची पत नव्हती त्यांच्यासाठी खर्च केली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी हीच.

त्यांची सगळीच मते मला पटत होती असे नाही. १९९८ च्या मे महिन्यात दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या तेव्हा त्यांनी विरोध केला, आणि अण्वस्त्रे कोणाकडेच नकोत ही भूमिका शेवटपर्यंत सोडली नाही. पलीकडच्याने ठेवायची आणि आपण टाकायची हे व्यवहारात कसे जमायचे, असे मला वाटते. पुढे ते एका नव्या राजकीय पक्षाचे अंतर्गत लोकपालही झाले. २०१५ मध्ये तेही संपले. असो. परंतु त्याच २०१५ साली, ब्याऐंशी वर्षांच्या या माणसाने राष्ट्रपती आणि पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिले. अल्पसंख्याकांवर आणि दलितांवर जे हल्ले होत आहेत त्यांमुळे माझी मान शरमेने खाली जाते, अशा आशयाचे. ज्या दलात मी आयुष्य घालवले तिथे सर्व धर्मांचे लोक एका जहाजावर राहतात, हा त्यांचा दाखला होता. आपल्यासाठी कोणी बोलले म्हणून मी हे सांगत नाही. ज्याला गप्प बसून काहीच तोटा नव्हता, तो गप्प बसला नाही, म्हणून सांगतो.

आणि घरात? बाहेर मोठी भाषणे करणारे घरात कसे वागतात हे पाहावे, असे आपली जुनी माणसे म्हणतात. रामदास यांच्या कन्या कविता रामदास या जगभरच्या स्त्रियांच्या संस्थांना साहाय्य करणाऱ्या एका मोठ्या निधीच्या कित्येक वर्षे प्रमुख होत्या. त्यांनी पाकिस्तानी कुटुंबातील मुसलमान तरुणाशी विवाह केला. ही गोष्ट त्यांनी स्वतः जाहीर व्याख्यानातून सांगितलेली आहे, म्हणून मीही सांगतो. नौदलाच्या अ‍ॅडमिरलच्या घरी, १९७१ लढलेल्या माणसाच्या घरी, हा जावई आला आणि घरचा झाला. मराठीत ‘नाना’ म्हणजे कोणीही वडीलधारा. आपल्या घरांत मात्र ‘नाना’ म्हणजे आईचे वडील. त्या घरात जन्मलेल्या लेकराचे नाना हे वीरचक्र मिळवलेले हिंदुस्थानी दर्यावर्दी, आणि दादांकडचे गोत पाकिस्तानातले. अशा लेकराच्या आजोबांना शांततेवर निराळे भाषण द्यावे लागत नाही. मुलामुलींच्या लग्नाचा विषय निघाला की आपल्याकडे, आणि शेजारच्या समाजातही, किती आरडाओरडा होतो हे आपण जाणतो. कोणी कोणाशी लग्न करावे हे सांगायला मी उभा नाही. पण लेकीने आपला निर्णय घेतला तेव्हा बापाने दार लावून घेतले नाही, याची नोंद करणे मला आवश्यक वाटते.

त्यांचा मंच जे मागत होता, त्यातले थोडे त्यांच्या हयातीत मिळाले आणि मग गेले. दिल्ली-लाहोर बस १९९९ मध्ये सुरू झाली. राजस्थानातून सिंधला जाणारी आगगाडी चाळीस वर्षे बंद होती, ती २००६ मध्ये पुन्हा सुटली, आणि कित्येक घरांतली वेगळी पडलेली भावंडे एकमेकांना भेटली. ऑगस्ट २०१९ पासून बस आणि दोन्ही आगगाड्या बंद आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध प्रवाशांची हत्या झाली, मे महिन्यात चार दिवस तोफा आणि क्षेपणास्त्रे चालली, आणि अटारीचा रस्ताही मिटला. हे पाहायला रामदास नव्हते. असते तर लिहिते झाले असते.

एक धागा मात्र अजून तुटलेला नाही. २००८ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला, त्याप्रमाणे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या तुरुंगांतील कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. २०२५ च्या जुलैतही दिल्या गेल्या. पाकिस्तानकडून येणाऱ्या यादीत सर्वाधिक भरणा असतो मच्छीमारांचा. समुद्रात कुंपण नसते. मासळीमागे होडी पुढे जाते, आणि पलीकडचे पहारेकरी धरून नेतात. यांत गुजरातचे लोक पुष्कळ, पण आपल्या पालघर जिल्ह्यातलेही असतात. डहाणूकडच्या आदिवासी वाड्यांतली माणसे हंगामात सौराष्ट्रातल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, जशी आपल्याकडची माणसे ऊसतोडीला जातात. शिक्षा भोगून झाली तरी कित्येकांची सुटका होत नाही, कारण नागरिकत्वाची खात्री पटवणारा कागद इकडून तिकडे जायला महिनेमहिने लागतात. त्यांच्यासाठी अर्ज करणे, वकील पाहणे, मंत्र्यांना पत्रे लिहिणे हे काम याच मंचाची माणसे मुंबईतून आणि कराचीतून आजही करीत आहेत.

ज्या मार्च महिन्यात अ‍ॅडमिरल रामदास गेले, त्याच महिन्यात डहाणू तालुक्यातला असा एक आदिवासी खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला. समुद्रमार्गे कराची त्याच्या गावापासून फार लांब नाही. त्याचे शव मात्र वाघ्याच्या दारातून, पंजाबला वळसा घालून आले, आणि घरी पोचेतो मे महिना उजाडला होता.